रोखलेल्या मरणाचा हिशेब

१९९२-९३ या वर्षात जव्हार तालुक्यातल्या वावर आणि वांगणी या गावांच्या पाड्यांवर सव्वाशेच्या आसपास मुलं दगावली. तेव्हा जव्हार-मोखाडा हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता आणि मुंबई तिथून गाडीने अर्ध्या दिवसाच्या आत गाठता येत होती. मुलं एका दिवसात मेली नाहीत, कुठली साथही अचानक कोसळली नाही. पावसाळ्यात कणग्या रिकाम्या झालेल्या, नागली-वरई अजून शेतात, आईच्या अंगावर दूध नाही, आणि अशात हगवण किंवा न्यूमोनिया. वर्तमानपत्रांनी बातमी लावून धरली तेव्हा सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकार हादरलं. अधिकाऱ्यांच्या गाड्या जव्हारचा घाट चढू लागल्या.

त्याच १९९२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली. जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जावर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, नारी, स्थापन झाली. आणि सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे ‘संग्राम’, कामाला लागली.

टाळता येण्याजोग्या मरणाच्या या दोन कहाण्या एकाच वर्षी सरकारच्या टेबलावर आल्या. त्यातल्या एकीचा पैशापैशाचा हिशेब पुढे जगभरच्या नियतकालिकांत छापून आला. तो हिशेब कसा घडला आणि खर्च स्वस्त कशामुळे पडला, हे नीट पाहिलं पाहिजे, कारण दुसऱ्या कहाणीचं उत्तर त्यातच सापडतं.

एचआयव्ही भारतात सापडला तो १९८६ मध्ये. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, वेल्लोरला तपासले, आणि त्यांतले काही पॉझिटिव्ह निघाले. त्याच वर्षी मुंबईत एड्सचा पहिला रुग्ण नोंदला गेला. हा परदेशातला, श्रीमंतांचा, ‘तसल्या’ लोकांचा आजार आहे, असं मानणाऱ्या व्यवस्थेने पहिली काही वर्षं आजारापेक्षा आजारी माणसाचाच बंदोबस्त केला. गोव्यात १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या नेमाने रक्तदान करणाऱ्या तरुणाला पोलिसांनी उचललं आणि एका जुन्या सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस डांबून ठेवलं. गुन्हा एकच, रक्तात विषाणू सापडला. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, तरी न्यायालयाने कोंडून ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्यच केला. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला.

माणसाला कोंडणं क्रूर तर होतंच, शिवाय त्याने साथ रोखलीही जात नव्हती. तपासणीला आलं की पोलीस येतात, हे एकदा कळलं की तपासणीला कोण येणार? तिकडे मुंबईत, कामाठीपुऱ्याच्या वस्तीत, चित्र झपाट्याने पालटत होतं. १९८७ च्या सुमारास मुंबईतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत शंभरात एखादीच बाधित सापडत होती. १९९३ पर्यंत निम्म्याजणी बाधित सापडू लागल्या.

पहिल्या टप्प्यातला पैसा प्रामुख्याने रक्तपेढ्या सुधारण्यावर आणि जाहिरातींवर गेला. रक्ताची बाजू आवश्यकच होती. पैसे घेऊन रक्त विकणारे ‘दाते’ तेव्हा सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून तो धंदा बंद झाला. जाहिरातींचं मात्र मला वेगळं वाटतं. एड्स म्हणजे मृत्यू असं सांगणारी कवटीची चित्रं भिंतीभिंतींवर रंगली. त्यांनी भीती घरोघर पोचवली, पण ज्या खोलीत विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात होता त्या खोलीत ती चित्रं काय करणार होती?

त्या खोलीचा हिशेब आफ्रिकेत आधी मांडला गेला होता. १९९१ मध्ये नैरोबीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपर्यंत कंडोम आणि गुप्तरोगांवरचे उपचार नेले, तर एक नवा संसर्ग टाळायला ८ ते १२ डॉलर पुरतात. आकडा इतका लहान असण्यामागे साधं गणित आहे. ज्या स्त्रीकडे आठवड्याला वीस-तीस गिऱ्हाइकं येतात, तिला सुरक्षित ठेवलं की ती एकटीच वाचत नाही. तिच्याकडून गिऱ्हाइकांना, गिऱ्हाइकांकडून त्यांच्या बायकांना, बायकांकडून पोटातल्या मुलांना जाणारी सगळी साखळी पहिल्याच कडीला तुटते. तोच रुपया कुठल्याही महाविद्यालयातल्या व्याख्यानावर खर्च केला तर साखळी तुटेलच असं नाही. पुढे १९९३ च्या जागतिक बँकेच्या अहवालाने आरोग्यखर्च मोजायला नवं माप दिलं. एखाद्या कामावर किती खर्च आला आणि त्यातून निरोगी आयुष्याची किती वर्षं वाचली, हे ते माप. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली आणि बरीचशी रास्तही होती. आयुष्याला भाव लावताना गरिबाचं आयुष्य स्वस्त धरलं जाण्याची भीती खरीच आहे. तरी एक गोष्ट या मापाने केली. तिरस्काराचे धनी असलेल्या माणसांवर खर्च करणं हे दया नसून सरकारी पैशाचा सगळ्यात शहाणा उपयोग आहे, हे अर्थखात्याला समजेल अशा भाषेत त्याने सांगितलं.

ते सांगलीत गोकुळनगर या देहविक्रयाच्या वस्तीने करून दाखवलं. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने इथे काम सुरू केलं तेव्हा प्रश्न कंडोमच्या किमतीचा नव्हताच, सरकारचे कंडोम फुकट मिळत होते. प्रश्न गिऱ्हाइकाचा होता. एका बाईने ‘कंडोमशिवाय नाही’ म्हटलं तर तो शेजारच्या दारात जातो. धंदा बुडतो तो नकार देणारीचाच, आणि घरवाली विचारते तेही तिलाच. म्हणून कंडोम ही एकेकीने वापरायची वस्तू राहून चालत नाही. सगळी गल्ली एकाच दिवशी नाही म्हणेल तेव्हाच ती वापरली जाते. हे बाहेरून आलेल्या कार्यकर्तीच्या भाषणाने होत नाही. वस्तीतल्याच बायकांनी पिशवीत कंडोम घेऊन दारोदार जायचं, नवीन आलेल्या पोरीला जवळ बसवून लाकडी नमुन्यावर दाखवायचं, दारू पिऊन आलेल्याला कसं हाताळायचं ते सांगायचं, आणि पोलीस पैसे मागायला आले की चौघींनी मिळून समोर उभं राहायचं. या चौथ्या गोष्टीखेरीज पहिल्या तिन्ही टिकत नाहीत. १९९६ मध्ये या बायकांनी स्वतःची संघटना केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘वॅम्प’. कंडोम महिन्याला लाखांनी वाटले जाऊ लागले. यातल्या कितीतरी स्त्रिया उत्तर कर्नाटकातल्या, देवदासीच्या परंपरेतून आलेल्या आणि पाटीला हात न लावलेल्या होत्या. महाराष्ट्रात एचआयव्ही रोखण्याचं पहिलं मोठं काम त्यांच्या हातून झालं, हे आपल्या आरोग्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिलं गेलं पाहिजे.

त्याच सुमारास पुण्यात नारीच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. तो १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रयाशी काहीही संबंध नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या. बहुतेक विवाहित, एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या. मंगळसूत्र हे संरक्षण नाही, हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच आकड्यांत आलं. आजार ‘त्यांचा’ आहे असं म्हणणाऱ्या मध्यमवर्गाला याहून नेमकं उत्तर नव्हतं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या खटल्यात निकाल दिला की काम करायला समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही. आठ वर्षांपूर्वी डॉमिनिकच्या आईला ज्या न्यायालयाने रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं, तेच हे न्यायालय.

कार्यक्रमाचा दुसरा टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. राज्याराज्यांत एड्स नियंत्रण सोसायट्या आल्या. मुंबईसाठी वेगळी, उरलेल्या महाराष्ट्रासाठी वेगळी. २००२ च्या अखेरीस मुंबईच्या बसथांब्यांवर आणि रेल्वेत एड्सविरोधी जाहिरातींतला ‘बलबीर पाशा’ दिसू लागला आणि लोकल गाडीत लोक प्रथमच मोठ्याने कंडोमबद्दल बोलले. त्याच वर्षी अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांच्या एका अहवालाने भाकीत केलं की २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोक बाधित असतील. या आकड्याने दिल्लीत संतापही झाला आणि धडकीही भरली.

पैसा मग मोठ्या प्रमाणावर आला. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनने ‘आवाहन’ हा एचआयव्ही रोखण्याचा कार्यक्रम सुरू केला. सुरुवात २० कोटी डॉलरने झाली. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, मणिपूर आणि नागालँड अशी सहा राज्यं, शिवाय महामार्गांवरचे ट्रकचालक. प्रमुख अशोक अलेक्झांडर हे व्यवस्थापन सल्लागाराच्या नोकरीतून आलेले. धंद्याच्या जगातली शिस्त त्यांनी गल्लीत आणली, आणि सुरुवातीला अनेक जुन्या कार्यकर्त्यांना ती रुचली नाही. पण तिचा गाभा गोकुळनगरसारख्या वस्त्यांनी आधीच सिद्ध केलेलाच होता. मोजायचं काम वस्तीतल्याच बाईने करायचं.

तिच्या हातातला कागद कसा असे, ते पाहण्याजोगं आहे. साधारण पन्नास-साठ जणींमागे एक ‘पिअर’, तीही त्याच धंद्यातली. तिला अक्षरं येत नसत, म्हणून कागदावर चित्रं. ओळीने एकेक बाई, आणि तिच्यापुढे खुणा. आठवड्याला गिऱ्हाइकं किती, नवीन आली आहे का, दारू पिते का, मारहाण होते का, दवाखान्यात कधी गेली, कंडोम किती दिले. गिऱ्हाइकं पंचवीस आणि कंडोम दहा, तर फरक पंधराचा. हा फरक म्हणजे पुढच्या आठवड्यात पहिलं कुणाच्या दारात जायचं, याचं उत्तर. जिल्ह्याच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला जे कधीच दिसलं नसतं, ते या चित्रांच्या कागदावर दर सोमवारी दिसत होतं. सरकारच्या तिसऱ्या टप्प्याने, २००७ पासून, हीच पद्धत देशभर उचलली. त्याचं उद्दिष्ट थोडक्यात सांगितलेलं होतं, पाच वर्षांत साथ थोपवायची आणि उतरणीला लावायची.

औषधांची कहाणी वेगळी लिहिण्याजोगी आहे, इथे तिची हिशेबापुरतीच गरज. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरला देऊ केलं. तोवर पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. १ एप्रिल २००४ पासून भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधं फुकट मिळू लागली. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. औषध मिळालं म्हणून प्रतिबंधाचं महत्त्व कमी झालं नाही, उलट त्याचं मोल रुपयांत मोजता येऊ लागलं. कारण प्रत्येक नवा बाधित माणूस आता आयुष्यभर रोज गोळ्या घेणार होता, आणि त्या गोळ्या द्यायची जबाबदारी सरकारने, रास्तपणे, स्वीकारली होती.

निकाल काय लागला? २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की महाराष्ट्रासह दक्षिणेच्या चार राज्यांत १५ ते २४ वयोगटातल्या गरोदर स्त्रियांमधलं बाधितांचं प्रमाण २००० ते २००४ दरम्यान १.७ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आलं. २००७ च्या जुलैमध्ये सरकारने देशातल्या बाधितांचा अंदाज ५२ लाखांवरून २५ लाखांवर आणला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच घराघरांतून एचआयव्हीसाठी रक्त तपासलं गेलं होतं, त्यामुळे आधीची मोजणी फुगलेली असल्याचं कळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ०.६२ टक्के निघालं. काही जण म्हणाले, मग इतका गाजावाजा कशाला? हा प्रश्न मला उथळ वाटतो. आकडा निम्मा झाला तरी कामाठीपुऱ्यातलं निम्म्यावरचं प्रमाण खरंच होतं, पुण्यातल्या त्या विवाहित स्त्रियाही खऱ्याच होत्या.

खर्चाचा हिशेब २०१४ मध्ये आला. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये अ‍ॅना व्हॅसल आणि सहकाऱ्यांनी दक्षिणेकडच्या २२ जिल्ह्यांतला ‘आवाहन’चा जमाखर्च मांडला. चार वर्षांत सुमारे दीड लाख माणसांपर्यंत पोचायला दरडोई ३२७ डॉलर लागले. साधारण ६१ हजार संसर्ग टळले. एक संसर्ग टाळायला ७८५ डॉलर, खर्च झाला त्या काळच्या भावाने पस्तीस-छत्तीस हजार रुपये. निरोगी आयुष्याचं एक वर्ष ४६ डॉलरला, म्हणजे दोन हजारांच्या थोडं वर. शिवाय जे बाधित झालेच नाहीत त्यांच्या आयुष्यभराच्या औषधांचे ७ कोटी ७० लाख डॉलर वाचले. हे आकडे गणिती प्रतिमानांचे आहेत. त्याच कार्यक्रमाबद्दलच्या इतर अभ्यासांनी टळलेल्या संसर्गांचे आकडे कुठे एक लाख, कुठे दोन लाख सांगितले, कारण काळ वेगळा आणि जिल्हे वेगळे. पण कुठल्याही प्रतिमानाने घेतलं तरी निर्णय एकच येतो. सार्वजनिक आरोग्यावर खर्च झालेल्या पैशातला हा फार चांगला कारणी लागलेला पैसा आहे.

मात्र तो स्वस्त का पडला, हे त्या तक्त्यांत पूर्ण दिसत नाही. पिअरला पगार नव्हता, मानधन होतं. महिन्याचं मानधन आणि आठवड्यात साठ दारं, पोलीस ठाण्यात रात्री-अपरात्री धाव, कुणी मेलं तर खांदा. या श्रमाची खरी किंमत लावली तर ४६ डॉलरचा आकडा वाढेल, आणि तरीही तो स्वस्तच राहील. पैशापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी या बायका उभ्या राहिल्या, हे २००५ मध्ये दिसलं. अमेरिकेच्या मदतीला तेव्हा अट जोडली गेली, देहविक्रयाच्या विरोधात असल्याचं लिहून द्या. ‘संग्राम’ने ते लिहून दिलं नाही आणि अमेरिकन सरकारचा पैसा सोडला. ज्यांच्या जिवावर काम चालतं त्यांच्याच विरोधात सही कशी करायची?

‘आवाहन’ने आपले प्रकल्प २००९ ते २०१३ दरम्यान सरकारच्या हवाली केले. २०१४ मध्ये स्वतंत्र एड्स नियंत्रण विभाग पुन्हा आरोग्य मंत्रालयात विलीन झाला आणि निधी राज्यांच्या तिजोरीतून फिरून येऊ लागला. मानधनं रखडली, काही ठिकाणी कंडोमचा साठा संपला. यश मिळालेल्या कामाची आबाळ सगळ्यात आधी होते, कारण टळलेला संसर्ग मोर्चा काढत नाही. तरी काम चालू राहिलं. २०१९ च्या अंदाजानुसार देशात २३ लाख ४९ हजार बाधित होते, त्यांत महाराष्ट्रातले ३ लाख ९६ हजार, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. नव्या संसर्गांची संख्या मात्र २०१० पासून ३७ टक्क्यांनी घटून वर्षाला ६९ हजारांच्या आसपास आली. अडीच कोटींचं भाकीत खोटं ठरलं.

आता दुसऱ्या कहाणीकडे, आणि त्यासाठी आधी भिवंडीकडे यायचं. भिवंडी यंत्रमागांचं गाव, परप्रांतातून एकटे आलेले हजारो पुरुष कामगार, आणि हनुमान टेकडीची वस्ती. एड्स नियंत्रणाच्या नकाशावर ठाणे जिल्हा लाल रंगात होता तो अशा जागांमुळे. इथे ‘स्थलांतरित’ हा शब्द कार्यक्रमाच्या कागदांत पक्का बसला. कामासाठी गाव सोडलेला माणूस संसर्ग गावी नेऊ शकतो, म्हणून त्याला कामाच्या जागी गाठायचं, त्याची तपासणी करायची, तो गावी केव्हा जातो ते माहीत ठेवायचं.

याच भिवंडीच्या भोवती, वसईत, वाड्यात, वीटभट्ट्या आहेत. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन इथे जगायला येतात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर. बाई सात महिन्यांची पोटुशी असली तरी येते. दोन वर्षांचं मूल भट्टीच्या कडेला, मातीच्या ढिगाशेजारी वाढतं. पावसाच्या तोंडावर सगळे परत जातात. गावच्या अंगणवाडीच्या वजनाच्या वहीत त्या मुलापुढे कित्येक महिने ‘स्थलांतरित’ लिहिलेलं असतं. एका कार्यक्रमाने या शब्दाचा अर्थ ‘याला शोधा’ असा घेतला. दुसऱ्याने ‘हा आमच्या यादीत नाही’ असा.

वावर-वांगणीनंतर सरकार स्वस्थ बसलं, असं म्हणणं खोटं ठरेल. जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना सुरू झाली. पावसाआधी दुर्गम पाड्यांवर धान्य पोचवायचं, भरारी वैद्यकीय पथकं फिरवायची, गरोदर आदिवासी स्त्रीला मातृत्व अनुदान द्यायचं, ४०० रुपये रोख आणि ४०० ची औषधं. २०१५ च्या डिसेंबरपासून अमृत आहार योजना आली, गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. या योजनांनी माणसं वाचवली आहेत. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात अपुऱ्या माणसांनिशी राबणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांनीही वाचवली आहेत. पण २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, मोखाड्यातल्या मुलांचे मृत्यू पुन्हा पहिल्या पानावर होते. एका वर्षात जिल्ह्यात पाचशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले होते. पुन्हा मंत्री आले, पुन्हा पथकं आली.

आणि पुन्हा तोच वाद झाला. मूल कुपोषणाने मेलं की न्यूमोनियाने? सरकारी नोंदीत शेवटचा आजार लिहिला जातो. एड्सचे रुग्णही सुरुवातीला क्षयाने मेल्याचीच नोंद होत असे. तिथे विज्ञानाने आणि रुग्णांच्या संघटनांनी तो पडदा फाडला. जव्हारमध्ये तो अजून पुरता फाटलेला नाही.

या बालमृत्यूंवरचं स्वस्त औषध महाराष्ट्राकडेच होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावच्याच बाईला आरोग्यदूत केलं. ती बाळ जन्मल्या दिवसापासून घरी जाऊन वजन करी, ऊब देई, स्तनपान लावून देई, जंतुसंसर्ग ओळखून गरजेला इंजेक्शनही देई. हजारी ६२ असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी २५ च्या घरात आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या या अभ्यासात एका बाळामागे खर्च होता ५.३ डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे रुपये. दर अठरा बाळांमागे एक जीव वाचला. गुणाकार केला तर एका जिवाचे चार हजार रुपये. एक एचआयव्ही संसर्ग टाळायला लागलेल्या रकमेचा हा साधारण नववा भाग. दोन्ही अभ्यासांची मापं वेगळी, काळ वेगळा, आणि ३९ गावांत जमलेलं राज्यभर त्याच भावात जमेल असंही नाही. तरी दहापट महाग धरलं, तरी नवजात बाळ वाचवणं हे सरकारला परवडणाऱ्या गोष्टींच्या यादीत वरच्या ओळीत येतं. भारत सरकारने २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्तींच्या हातून देशभर नेली.

मग जव्हार-मोखाड्यात अडलं कुठे? माझं मत असं की एचआयव्हीच्या वेळी पैशाआधी तीन गोष्टी घडल्या होत्या. धोक्यातल्या प्रत्येक माणसाला नावानिशी मोजलं गेलं. मोजण्याचं काम त्यांच्यातल्याच बाईला दिलं. आणि तिच्या कागदावरून पैसा हलला, वरून खाली आलेल्या परिपत्रकावरून नाही. आदिवासी पाड्यांवर मोजणी होते ती बहुधा मृत्यूनंतर, समितीसाठी. पाड्यावरची स्वयंसेविका आणि आशा दारोदार जातात, पण त्यांच्या वहीचा निर्णयाशी संबंध क्वचितच लागतो. आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाच्या मागे तर कुणीच जात नाही. एड्सच्या बाबतीत मध्यमवर्गाला आपल्या घराची भीती होती. जव्हारच्या मुलाचं कुपोषण कुणाच्या घरात शिरत नाही. हे कटू आहे, पण खर्च कुठे होतो आणि कुठे होत नाही, याचं एवढं सरळ कारण दुसरं मला दिसत नाही.

करता येण्याजोगं फार अवघड नाही. दिवाळीआधी प्रत्येक पाड्यावरून जगायला जाणाऱ्या कुटुंबांची यादी करायची. कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणतं मूल दोन वर्षांच्या आत आहे आणि कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या भट्टीवर चाललं आहे, हे तिथल्या आशाच्या हातात कुटुंब पोचायच्या आधी पोचलं पाहिजे. भट्टीवर अंगणवाडीचा आहार मिळाला पाहिजे, परतल्यावर वजन त्याच वहीत लागलं पाहिजे. आणि वर्षअखेर ‘आवाहन’चा झाला तसा हिशेब जाहीर व्हावा, किती खर्च झाला, किती मुलं वाचली, एका मुलामागे किती रुपये पडले. आकडा लाजिरवाणा निघाला तरी निघू द्या.

पालघर, ठाणे, नाशिक जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपल्या आमदाराला आणि जिल्हा परिषद सदस्याला येत्या अर्थसंकल्पाआधी हा हिशेब मागावा. नवजात बाळाच्या घरी सहा-सात भेटी देण्यासाठी आशाला ठरवून दिलेला मोबदला एका बाळामागे २५० रुपये आहे, आणि तोही अनेकदा महिनोन्महिने रखडतो. सुरुवात तो वेळेवर देण्यापासून करा.